सांगली-मिरजेत चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची कोरल गाणी गायची असतील तर

पॅलेस्ट्रिना, टॅलिस, बर्ड, विक्टोरिया या युरोपातल्या संगीतकार मंडळींनी सोळाव्या शतकात तीन-चार-पाच आवाजांसाठी लिहिलेली गाणी आपल्या सांगलीत, मिरजेत बसून गाता येतात, आणि त्यासाठी वेस्टर्न म्युझिकची डिग्री, पियानो, पाईप ऑर्गन यातलं काही म्हणजे काही लागत नाही. लागतात आठ ते बारा माणसं, एक तंबोरा, एक बऱ्यापैकी घुमणारी खोली आणि आठवड्यातून दीड तास. ज्याला सा लावता येतोय आणि सारेगमप सरळ म्हणता येतंय त्याची निम्मी तयारी आधीच झालेली असते, फक्त ती इकडं वापरता येते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आधी फरक काय आहे तो नीट समजून घ्या. भजनात चाल एकच असते, बुवा पुढं म्हणतात आणि टाळकरी मागून उचलतात, सगळे मिळून एकाच ओळीवर. इथं चार गट एकाच वेळी चार वेगळ्या चाली गातात आणि त्यातली एकही साथीची नसते, चारही मुख्य. म्हणजे शिकायचं ते एवढंच की आपली ओळ सोडायची नाही आणि त्याच वेळी शेजारच्याची ओळ ऐकणं बंद करायचं नाही. सुरुवातीला सगळेजण कानात बोट घालून गायला बघतात, कारण बाजूचा वेगळं गातोय म्हटल्यावर आपली चाल जाईल अशी भीती असते. ते पहिल्या दिवसापासून बंद करा. कान बंद करून ओळ टिकते पण सूर जुळत नाही, आणि सूर जुळण्यातच सगळी गंमत आहे.

माणसं कुठून आणायची? भजनी मंडळातली, गांधर्वच्या दोन-चार परीक्षा देऊन सोडून दिलेली, शाळेत समूहगीताच्या स्पर्धेत गायलेली, अशी माणसं प्रत्येक गल्लीत असतात. मिरजेत अजून एक सोय आहे, तिथं १८९० च्या दशकात डॉ. वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलची सुरुवात झाली तेव्हापासूनची ख्रिस्ती वस्ती आहे, आणि चर्चमध्ये वाढलेल्या लोकांच्या कानावर चार पार्टमधली गाणी लहानपणापासून पडलेली असण्याची शक्यता जास्त. असा एकजण जरी मिळाला तरी त्याला बेसमध्ये (सगळ्यात खालचा आवाज) किंवा अल्टोमध्ये (वरून दुसरा आवाज) मधोमध उभा करा, बाकीचे त्याला धरून गातात. ऑडिशन घेऊ नका. आवाज गोड आहे का हे बघण्यापेक्षा माणूस दर आठवड्याला येतो का हे बघा, चार ओळींच्या गाण्यात एका ओळीची माणसं आली नाहीत तर त्या दिवशी गाणंच होत नाही.

आवाज वाटताना आपल्याकडं एक अडचण येते तिच्यावर जरा थांबतो. चार आवाज म्हणजे वरून खाली सोप्रानो, अल्टो, टेनर, बेस. आपल्याकडच्या बायका साधारण काळी चार, पांढरी पाच नाहीतर पांढरी सहाच्या पट्टीत गातात, छातीतून खुला आवाज लावतात, आणि वर जायची सवय फारशी नसते. त्यामुळं अल्टो भरपूर मिळतात आणि सोप्रानो मिळता मिळत नाहीत. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे अख्खं गाणंच दोन-तीन काळ्या-पांढऱ्या खाली घ्या. यात काहीच पाप नाही, त्या काळात आजच्यासारखी ठरलेली पट्टी नव्हतीच, गाणारे आपल्या गळ्याला बसेल तिथून सुरू करायचे, कागदावर लिहिलेला सूर म्हणजे एकमेकांतलं अंतर सांगणारी खूण. दुसरा उपाय, पाचवी-सहावीतली पोरं-पोरी घ्या, त्यांना वरचे सूर सहज लागतात आणि ती मोठ्यांपेक्षा लवकर पाठ करतात. टेनर कमी पडले तर खालच्या आवाजाच्या बायका टेनरला घाला, चालतंय. प्रत्येकाची पट्टी बघताना नुसतं तोंड मिटून गुणगुणायला लावा, सा वरून खाली खाली जाऊ द्या, आवाज विरतो तिथं थांबा, मग वर जाऊ द्या आणि मान ताणायला लागली की थांबा. दोन मिनिटात कळतं.

आता तंबोरा. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळालं, सतारमेकर गल्लीत जाऊन चांगला जुना तंबोरा बघता आला तर बघाच, नाहीतर मोबाईलवरचा तानपुरा अॅप पण सुरुवातीला चालतो. पण हार्मोनियमवर गाणं बसवू नका, हे मी हात जोडून सांगतो. पेटीचे सूर समान अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळं तिचा ग शुद्ध जुळलेल्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या सुराचा साधारण सातवा हिस्सा. एकट्या गाण्यात तो खपून जातो. पण या संगीतात सा-ग-प एकत्र लांब धरलेले असतात, आणि तिथं तो चढा ग सगळ्या सुरांना खरखर आणतो. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो ना, नेमका तोच ग या गाण्यांना पाहिजे असतो. मिरजेत किराणा घराण्याचा सूर ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले, सुराची ही ओढ गावात मुरलेली आहे. पेटी ठेवायचीच असेल तर प्रत्येक गटाला पहिला सूर देण्यापुरती, मग भाता बंद.

तंबोरा मात्र गाणं चालू असताना सतत छेडायचा का? सोप्या कॅननला, म्हणजे एकच चाल एका गटामागून दुसऱ्या गटानं सुरू करायची अशा गाण्याला, छेडा, छान आधार मिळतो. पण पॅलेस्ट्रिनासारख्या गाण्यात सुरांचा पाया सारखा हलत असतो, कधी म वर जातो कधी ध वर, तिथं सतत वाजणारा सा मध्येच टोचायला लागतो. म्हणून सुरुवातीला सूर लावायला आणि शेवटी तपासायला तंबोरा, मधल्या वेळात नाही. शेवटचं तपासणं चुकवू नका, कारण साथीशिवाय गाणारा ग्रुप हळूहळू उतरतोच. एकाच सुरावर चार-पाच अक्षरं आली की उतरतो, दम संपत आला की उतरतो. गाणं संपल्यावर तंबोरा छेडून किती खाली आलो ते सगळ्यांना ऐकवा, कुणाला बोलायची गरज पडत नाही, पुढच्या वेळी कान आपोआप जागे राहतात.

पहिल्या रिहर्सलला एकही परदेशी गाणं काढू नका. साधा बिलावलचा आरोह-अवरोह घ्या, सारेगमपधनीसां आणि परत सांनीधपमगरेसा, प्रत्येक सूर एक मात्रा, वरचा सां एकदाच म्हणायचा, त्यावर रेंगाळायचं नाही. आता दोन गट करा. पहिला गट ग वर पोचला की दुसऱ्या गटानं सा पासून सुरू करायचं. चढताना दोन्ही गटात कायम दोन सुरांचं अंतर राहतं, सा-ग, रे-म, ग-प, कानाला एकदम गोड. पहिला गट वरून वळला की नी वर दोघं क्षणभर एकत्र येतात, एकमेकांना ओलांडतात, आणि मग पहिला गट खाली आणि दुसरा वर अशी जागा बदलून परत तसंच अंतर. हे जमलं की तिसरा गट अजून दोन मात्रांनी आत घ्या, चढताना तीन सुरांचे भरलेले सुरमेळ उभे राहतात, सागप, रेमध, गपनी, मधसां. वरच्या सां वर कुणी एक मात्रा जास्त थांबला तर लगेच सां आणि नी एकमेकांना घासतात, मग सगळ्यांना कळतं की आपली मात्रा आपल्यापुरती नसते. एवढ्या एका अलंकारात या संगीताचं निम्मं तंत्र आहे, त्याला पूर्ण एक रिहर्सल द्या, घाई करू नका.

मग खरा कॅनन. तेराव्या शतकाच्या मध्यातलं ‘सुमेर इज इकुमेन इन’ नावाचं इंग्लंडमधलं गाणं आहे, उन्हाळा आला, कुक्कू पक्ष्या गा, एवढाच अर्थ. ते इंग्लंडच्या रेडिंग मठाशी संबंधित एका हस्तलिखितात मिळतं, आणि त्या पानावरच गायचं कसं ते लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय. चार सोबत्यांनी गावं, तिघांपेक्षा कमी नकोत, अगदीच नाही तर दोघं तरी, शिवाय खालचं पालुपद धरणारे वेगळे. पहिला गाणारा कागदावरच्या क्रॉसच्या खुणेपाशी पोचला की पुढच्यानं सुरू करायचं. म्हणजे पावणेआठशे वर्षांपूर्वीची ही सूचना आपण जशीच्या तशी पाळू शकतो, आणि पालुपद दोन छोट्या ओळींचं असल्यानं ज्यांना अजून भीती वाटतेय त्यांना तिथं बसवता येतं.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला जवळचं वाटेल असं दुसरं पुस्तक म्हणजे स्पेनमधल्या मोन्सेरात मठातलं ‘लिब्रे वेर्मेल’, १३९९ सालच्या सुमाराचं. त्यात दहा गाणी आहेत. तिथं दर्शनाला येणारे यात्रेकरू रात्री देवळात जागर करायचे, त्यांना गावंसं, नाचावंसं वाटायचं, म्हणून त्यांच्यासाठी शोभतील अशी गाणी लिहून ठेवलीयेत असं त्या पुस्तकातच म्हटलंय. माऊलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला आली, तरडगावच्या आधी चांदोबाच्या लिंबापाशी रिंगण झालं की रात्री मुक्कामाला जे भजन रंगतं ते ज्यानं ऐकलंय त्याला ही गाणी कशासाठी लिहिली हे वेगळं सांगायला नको. यातले ‘लाउदेमुस विर्जिनेम’ आणि ‘स्प्लेन्देन्स चेप्तिजेरा’ हे दोन कॅनन फार छोटे आहेत, एका बैठकीत होतात, आणि गोल फिरत गाता येतात. पाय चालू असले की लय सुटत नाही.

चार आवाजांचं पहिलं गाणं निवडताना असं बघा की चारही आवाज शब्द एकदमच म्हणतायत. माझ्या मते यासाठी ‘बेल कि तिएँ मा वी’ याच्यासारखं दुसरं नाही, फ्रान्समधल्या आर्बो नावाच्या धर्मगुरूनं १५८९ मध्ये छापलेल्या नाचाच्या पुस्तकातलं हे प्रेमगीत आहे, चाल संथ, आणि खाली ढोलकाचा ठेका दीर्घ-लघु-लघु, दीर्घ-लघु-लघु असा सुरवातीपासून शेवटपर्यंत. आपल्या डफावर तो सुंदर वाजतो. त्यानंतर टॅलिसचं ‘इफ यी लव्ह मी’, १५६५ मध्ये छापलेलं, सुरुवातीला चौघं एकत्र आणि मग हळूच एकामागून एक सुटे होतात, त्यामुळं पुढच्या अवघड गाण्यांची ही पायरी आहे. आणि मग पॅलेस्ट्रिनाचं ‘सिकुत चेर्वुस’. टेनर एकटे सुरू करतात, मग अल्टो, मग सोप्रानो, शेवटी बेस, प्रत्येकजण तीच ओळ घेऊन येतो. हरीण जसं पाण्याच्या झऱ्याकडं धाव घेतं तसा माझा जीव देवा तुझ्याकडं, असे शब्द. हे पहिल्या महिन्यात काढू नका, पण आपल्याला तिथं पोचायचंय हे पहिल्याच दिवशी रेकॉर्डिंग ऐकवून सांगून ठेवा.

शब्द देवनागरीत लिहून द्या. लॅटिनसाठी आपली लिपी आणि आपली जीभ दोन्ही चांगल्या आहेत, इंग्रजी माणसाला जो दंत्य त आणि द शिकावा लागतो तो आपल्याला येतोच. चर्चमधल्या इटालियन धाटणीचा उच्चार घ्यायचा, म्हणजे सी च्या पुढं इ किंवा ए आला की च, जी च्या पुढं आला की ज, एच म्हणायचाच नाही. ‘सिकुत चेर्वुस देसिदेरात आद फोन्तेस आक्वारुम’ असं लिहिलं की झालं. स्वर मात्र सगळ्यांचे सारखे पाहिजेत, एकाचा आ मोठा उघडा आणि दुसऱ्याचा अर्धा मिटलेला असेल तर सूर बरोबर असूनही जुळल्यासारखा वाटत नाही. अर्थ सुद्धा पहिल्यांदाच सांगा. यातली बरीच गाणी चर्चसाठीची आहेत, हे लपवून ठेवू नये, कुणाला ते शब्द गायचे नसतील तर त्याचा मान ठेवा, प्रेमाची, ऋतूंची, थट्टेची गाणी त्याच काळात ढिगानं लिहिली गेलीयेत, त्यावर अख्खं वर्ष निघतं.

नोटेशनचं काय? कागद फुकट मिळतात, सीपीडीएल नावाची वेबसाईट १९९८ पासून हेच काम करतेय आणि आयएमएसएलपी पण आहे. गाणी जुनी असली तरी नवीन संपादकानं टाईप केलेल्या कागदावर त्याच्या अटी असू शकतात, त्या वाचूनच झेरॉक्स काढा. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले सूर, वाचणारा ग्रुपमध्ये एक असला तरी पुरतं, त्यानं ते भातखंडे पद्धतीनं सरगममध्ये उतरवायचं. चार ओळी एकाखाली एक, मात्रेखाली मात्रा, मंद्राला खाली टिंब, तारला वर टिंब, सूर लांबला की रेघ. सरगममधून हे वाचणं काही उसनवारी नाही, हजार वर्षांपूर्वी इटलीतल्या ग्विदो नावाच्या साधूनं गाणाऱ्यांना उत रे मि फा सोल ला शिकवलं तेही असंच सरकतं होतं, म्हणजे आपल्या सा सारखं जागा बदलणारं. त्यांचे जुने मोड, म्हणजे सुरांचे ठरलेले साचे, पण आपल्या थाटांवर बसतात, डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन म्हणजे भैरवी, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, एवढं सांगितलं की गांधर्ववाले लगेच पकडतात. फक्त राग समजून गाऊ नका, इथं वादी-संवादी नाही, पकड नाही.

आणि मींड, गमक, हरकत पण नाही. हे सोडताना चांगल्या गाणाऱ्याला सगळ्यात जड जातं. पण एकानं सूर घासत नेला की तेवढा वेळ बाकी तिघांच्या सुरांना जुळायला काही राहतच नाही, म्हणून सूर खडा लावायचा, थेट. खडा म्हणजे मेलेला नाही, ओळ जिकडं चाललीय तिकडं आवाजात थोडी भर आणि मग सोड, शब्दाच्या आघाताप्रमाणं. तबला पण नको. या गाण्यात सम नाही, आवर्तन नाही, प्रत्येक आवाजाचं वाक्य वेगवेगळ्या ठिकाणी सुरू होतं आणि वेगळ्या ठिकाणी संपतं. एकानं हात खाली-वर करून संथ मात्रा दाखवायची बस, त्या काळी पण असंच करायचे. श्वास एकाच गटातल्या सगळ्यांनी एकदम घेऊ नये, शेजारी गातोय तोवर आपण चोरून घ्यायचा, शब्दाच्या मध्ये घेतला तरी चालतं पण परत आत येताना हळू या.

दीड तासाची रिहर्सल मी अशी लावेन. पहिली पंधरा मिनिटं सा, आ-ए-इ-ओ-उ आणि अलंकाराचा कॅनन. मग वीस-पंचवीस मिनिटं प्रत्येक गट वेगळ्या खोलीत, जागा नसेल तर दोन गट जिन्यात पाठवा. मग जोड्या, आधी बेस आणि सोप्रानो, कारण ते दोघं जुळले की बाहेरची भिंत उभी राहते, मग टेनर आणि अल्टो, मग तिघं, मग चौघं. एकदम चौघं लावले तर जो मोठ्यानं गातो त्याच्यामागं सगळे जातात. प्रत्येक पार्टचं वेगळं रेकॉर्डिंग व्हॉट्सअप ग्रुपवर टाका म्हणजे लोक घरी पाठ करतात. ओळ पाठ झाली की गट मोडा, गोलात मिसळून उभे रहा, तुमच्या डावीकडं बेस उजवीकडं सोप्रानो. पहिल्यांदा गडबड होते, पण ज्या दिवशी तसं गाता येतं त्या दिवशी ग्रुप तयार झाला समजा. कागद सुद्धा एकच मोठा ए-थ्री स्टँडवर लावून सगळ्यांनी भोवती उभं राहून बघा, जुन्या चित्रात गाणारे असेच एका मोठ्या पुस्तकाभोवती गोळा झालेले दिसतात, डोकी जवळ आली की कान पण जवळ येतात.

भडंग रिहर्सल संपल्यावर. आधी खाल्लं तर चुरमुऱ्याचे कण घशात अडकतात आणि तिखटानं खोकला. कोमट पाणी ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला पाणी चढलं की निम्मे लोक येऊ शकत नाहीत, २०१९ आणि २०२१ चे पूर कुणी विसरलेलं नाही, आणि लगेच गणपती येतात, तेव्हा ते दोन महिने फक्त कॅनन ठेवा, दोघं-तिघं आले तरी गाता येतील असे.

गायला जागा शोधताना दगडी बघा. जुन्या वाड्याचं माजघर, देवळाचा सभामंडप, चर्च, घाटाची कमान, जिथं टाळी वाजवली की आवाज एक-दोन सेकंद मागं राहतो अशी. फ्लेक्स आणि पडदे लावलेला मंगल कार्यालयाचा हॉल आवाज खातो. प्रत्येकाच्या तोंडापुढं माईक लावू देऊ नका, साऊंडवाल्याला ते आवडतं पण मग मिसळण्याचं काम कानाऐवजी मिक्सर करतो. माईकशिवाय जमेल एवढ्याच लोकांना बोलवा, वीस मिनिटांचा कार्यक्रम करा, ऐकणाऱ्यांना मध्ये बसवा आणि तुम्ही भोवती उभे रहा, आणि मधोमध त्यांनाच दोन गटात वाटून तो आरोह-अवरोहाचा कॅनन म्हणायला लावा. पुढच्या वेळचे मेंबर तिथूनच मिळतात.

चार आवाज जमतच नसतील, पुरुष दोनच असतील, तर थांबून राहू नका. बर्डचा तीन आवाजांचा मास, म्हणजे कॅथलिक चर्चच्या उपासनेत गायच्या गाण्यांचा संच, घ्या. इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासनेवर बंदी असताना, १५९२ ते १५९५ च्या दरम्यान त्यानं हा आणि अजून दोन असे तीन मास मुखपृष्ठाशिवाय छापले, लोक आपापल्या घरात दारं लावून चार-दोन माणसांनी गायचे, म्हणजे मुळातच हे मोठ्या हॉलसाठी नाही, घरातल्या खोलीसाठी लिहिलंय. एकेका आवाजाला एकजण असला तरी होतं. त्यातलं ‘किरिए’ सगळ्यात छोटं आहे आणि तिघांचे शब्द जवळजवळ एकत्रच पडतात, तिथून सुरू करा.